सातवा वेढा

रविवारी दुपारी, जेवणं आटोपून भांडी निथळत ठेवल्यावर, तिनं मागच्या खोलीचे पडदे ओढले, यंत्राचं बटण दाबलं आणि हातभर लांब विजेऐवजी बोटभर वीज बाहेर पडली. तीही कशी, तर दमेकऱ्यानं खोकावं तशी, अडखळत, मधेच थांबत. तिनं बटण सोडलं, थोडं थांबून पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग तिनं भिंतीतला प्लग उपसला, टोकाला जाड तार बांधलेली लाकडी काठी उचलली आणि वीज साठवणाऱ्या कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना टेकवली. टच् असा आवाज आला. साचलेली वीज अशी काढून टाकल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. ती गुडघ्यांवर बसली, बॅटरीचा उजेड टाकला आणि खालच्या तांब्याच्या वेटोळ्याकडे बघत राहिली. चिमटा नवव्या वेढ्यावर होता.

तो सातव्यावर असायला हवा होता. तिनं बोट ठेवून आतून बाहेर मोजलं, एक, दोन, तीन, आणि नऊवर बोट थांबलं. पुन्हा मोजलं. नऊ. खोलीत पंखा बंद होता आणि कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आलेला तिला जाणवत होता, पण पुसायला हात उठेना. यंत्र तसं साधंच होतं, निदान तिला तरी साधं वाटायचं. खाली तांब्याची नळी डास पळवायच्या उदबत्तीसारखी सपाट गुंडाळलेली, पंधरा वेढ्यांची. तिच्या मधोमध दंडाएवढ्या जाडीचा प्लास्टिकचा पाइप उभा, त्यावर केसासारख्या बारीक तारेचे अकराशे वेढे. वर ॲल्युमिनियमचं मोठं कडं. दुकानांच्या झगमगत्या पाट्यांना लागतो तसला एक जुना ट्रान्सफॉर्मर खालच्या वेटोळ्याला वीज पुरवायचा, आणि खालच्याचा सूर वरच्याशी जुळला की त्या कड्यातून जांभळट वीज हवेत हात पसरायची. सूर जुळवायचा तो या चिमट्यानं. कितव्या वेढ्यावर चिमटा, तसा सूर. तीन महिने खटपट करून तिनं शोधून काढलं होतं की सातवा, आणि वहीत लिहून त्याखाली तीन रेघा ओढल्या होत्या.

वही तिथंच होती. प्रत्येक वेळेची नोंद तिच्या बारीक, तिरक्या अक्षरात: तारीख, किती वेळ चालवलं, वीज किती लांब गेली. शेवटची नोंद पाच आठवड्यांपूर्वीची. चिमटा सात, लांबी हातभर, सगळं ठीक. त्यानंतर कोरं पान. चिमटा हलवल्याची नोंद कुठंच नव्हती. म्हणजे एक तर आपण हलवला आणि लिहायला विसरलो. नाही तर हलवला हेच विसरलो. या दोन वाक्यांमध्ये फार अंतर नव्हतं, पण जे होतं ते तिला विहिरीच्या कठड्यावरून खाली वाकून पाहावं तसं दिसलं.

तिची आई विणायची. हातात सुया आणि लोकर नसलेली आई तिला आठवतच नव्हती. गप्पा मारताना, भाजी शिजत असताना, अगदी कुणी आजारी असलं तर उशाशी बसूनही विणायची, आणि टाके मोजताना ओठ नुसते हलायचे, आवाज नाही. साठीला टेकल्यावर आईनं दादासाठी, तिच्या भावासाठी, एक स्वेटर घेतला होता विणायला. निळा. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, एक बाही झाली, आणि दुसरी बाही होतच राहिली. कोपरापर्यंत झाली, मनगटापर्यंत झाली, मांडीवरून खाली उतरली, जमिनीला लागली. दादा म्हणाला होता, "आई, ही बाही माणसाची की हत्तीच्या सोंडेची?" आणि ते दोघं बहीणभाऊ पोट धरधरून हसले होते. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, घरी तान्ही मुलगी होती, आणि पुष्कळ दिवसांनी इतकं हसू आलं होतं. आईही हसली. पण हसताना तिचे डोळे एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर जात होते, ही मंडळी कशाला हसतायत ते शोधत. ते डोळे तेव्हा तिला दिसले होते, पण कळले मात्र दोन वर्षांनी, जेव्हा आईनं तिला "तुम्ही कुणाकडे आलात?" असं अगदी अदबीनं विचारलं.

आता ती स्वतः एकोणसाठची होती. गेल्या तीन आठवड्यांत काय काय झालं ते ती मनाशी हिशेबासारखं मांडून ठेवत होती आणि कुणाला सांगत नव्हती. एकदा गॅसवर रिकामं भांडं तापत राहिलं. एकदा फोनवर मुलीला भाचीच्या नावानं हाक मारली. आणि चाळणी. स्वयंपाकघरात उभी राहून ती त्या वस्तूकडे बघत होती, हातात पीठ, आणि शब्द येईना. आला तो दुसऱ्या दिवशी, भलत्याच वेळी, बस पकडताना. तेव्हापासून ती सकाळी दात घासताना शंभरातून सात-सात वजा करत खाली जायची. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. दोनपर्यंत पोचली की चूळ भरायची आणि दिवस सुरू. एकदा पासष्टऐवजी बासष्टला आली. मग पुन्हा पहिल्यापासून. नवऱ्यानं बाहेरून विचारलं होतं, "अगं, दात घासतेयस की फरशी?" आणि ती फेसाच्या तोंडानं हसली होती.

एकतीस वर्षं तिनं मोटारी भरल्या होत्या. जळालेल्या पंपांच्या, पंख्यांच्या, पिठाच्या गिरण्यांच्या मोटारी वर्कशॉपमध्ये यायच्या, जुनी काळवंडलेली तार कापून काढायची, नवी भरायची, व्हार्निश द्यायचं, भट्टीत सुकवायचं, की मोटार गेली. ज्याच्या हाताखाली ती शिकली त्या म्हाताऱ्या मिस्त्रीला सगळे काका म्हणायचे. काका म्हणायचे, "मोजणी तोंडात ठेवू नकोस पोरी, तोंड बोलायला लागतं. बोटांत ठेव." तिनं बोटांत ठेवली. शेजारची मुलगी आपल्या सासूची कर्मकहाणी सांगत असायची, रेडिओ चालू असायचा, आणि तिची बोटं दोनशे चाळीसवर बरोबर थांबायची. फक्त एक होतं. एवढ्या हजारो मोटारींतली एकही तिनं कुठं काम करताना पाहिली नव्हती. टेबलावर अर्धा मिनिट फिरवून बघायची तेवढंच. निवृत्त झाल्यावर मुलीनं फोनवर असल्या यंत्राचा एक व्हिडिओ दाखवला, आणि वीज तारेतून बाहेर येऊन स्वतःचं तोंड दाखवते हे बघून तिला जे वाटलं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "हे मला भरता येईल." अकरा दिवसांत अकराशे वेढे भरले. मोजणी बोटांत.

आणि आता त्याच बोटांनी चिमटा नवव्यावर नेऊन ठेवला होता, तिला न विचारता.

चिमटा सातवर आणायला तिनं बराच वेळ घेतला. कारण सातवर आणून वीज पूर्वीसारखी हातभर आली असती, तर बिघाड यंत्रात नव्हता हे ठरलं असतं, आणि मग तो कुठं होता हेही ठरलं असतं. शेवटी आणला. प्लग लावला, मागे सरून बटण दाबलं. वीज वीतभर झाली. बोटापेक्षा बरी, पण हातभर नाही. तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच जास्तच अडकल्यासारखं. म्हणजे आणखीही काही चुकलेलं आहे. आणखी काय काय करून ठेवलंय आपण?

मग तिनं वर्कशॉपच्या पद्धतीनं घेतलं, एका टोकापासून. प्लग काढला, काठी टेकवली. ज्या दोन पितळी बोल्टांच्या फटीतून ठिणगी उडते त्यांची तोंडं काळी पडली होती, ती पॉलिश पेपरनं लखलखीत केली, फट पुन्हा मापानं बसवली. फरक नाही. कपॅसिटर एकेक सोडवून मीटरवर पाहिले. सगळे ठणठणीत. कथलानं डाग दिलेले सांधे नखानं हलवून पाहिले. पक्के. उरला उभा पाइप. तिनं भिंग घेतलं आणि अकराशे वेढे वरून खाली बघत निघाली. कुठं तार सोलली असेल, दोन वेढे एकमेकांना चिकटले असतील, तर तेवढ्यानंही जोर जातो. तार व्हार्निशखाली मधासारखी चमकत होती. एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नव्हता, एकही सैल नव्हता. इतकं सुबक काम बघून दुसरी एखादी खूश झाली असती. तिच्या मनात आलं, हे भरणारी बाई कुठं गेली? पाइपच्या बुडाशी, वीज चालू असताना, एक निळी चुरचुर दिसली होती, पूर्वी कधी न दिसलेली. ती दिसली होती आणि तिनं तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. लक्ष सगळं त्या नऊच्या आकड्यात रुतलेलं होतं.

"झाली का गं तुझी आतषबाजी?" नवरा झोपून उठून आला होता, हातात चहाचे दोन कप, गालावर उशीचा वळ. चाळीस वर्षं तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, इतरांच्या चुका शोधायचा, आणि अजूनही औषधाच्या बाटलीवरच्या कागदातसुद्धा त्याला ऱ्हस्वदीर्घ खटकायचं. पाच आठवड्यांपूर्वी त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. कप स्टुलावर ठेवता ठेवता त्याची नजर उघड्या वहीवर गेली. "कपॅसिटरमधला 'सि' तू दरवेळी दीर्घ का काढतेस?" म्हणाला, आणि मग वहीतल्या त्या तीन रेघांवर त्याचं बोट थांबलं. तिनं मान वर केली. त्याचा चेहरा वर्गात पकडलेल्या मुलासारखा झाला होता.

"सातच केलं होतं मी," तो म्हणाला.

"काय केलं होतं?"

"चिमटा. सातव्यावरच लावला होता. नीट मोजून."

तिनं हातातलं भिंग खाली ठेवलं. तो कपाच्या कानाशी चाळा करत सांगत गेला. डोळ्याची पट्टी निघाली आणि घरात किती धूळ आहे हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं आपण या धुळीत राहिलो की काय, असं वाटून तो जुनं फडकं घेऊन सुटला होता. पंख्याची पाती, दाराच्या चौकटी, पुस्तकांची कपाटं. ती औषधं आणायला बाहेर गेली होती. मागच्या खोलीत तो एरवी पाऊल टाकत नसे, पण त्या दिवशी तांब्याच्या नळीवर मखमलीसारखी धूळ दिसली आणि राहवलं नाही. "प्लग काढलेला होता हं, ते आधी पाहिलं. आणि तुझी ती काठीपण टेकवली दोन्हीकडे, तू करतेस तशी. पुसता पुसता चिमटा निघाला. म्हटलं, आता मेलो. पण तू सारखी म्हणतेस ना, सातवा, सातवा. झोपेतसुद्धा एकदा म्हणाली होतीस. म्हणून सात मोजले आणि लावला."

"कुठून मोजले?"

"कुठून म्हणजे? बाहेरून. माणूस बाहेरून आत जातो ना?"

पंधरा वेढे. बाहेरून सातवा म्हणजे आतून नववा. तिनं मनातल्या मनात एकदा, दोनदा करून पाहिलं. गणित चोख होतं. आणि मग तिला जे झालं ते आधी हसण्यासारखं होतं आणि मधेच कुठेतरी ते रडणं झालं. खांदे गदगदत होते, नाकातून पाणी येत होतं, आणि ती फरशीवर बसून पदरानं तोंड दाबून धरत होती. नवरा घाबरला. "अगं, मोडलं का काहीतरी? बोल तरी. माझं चुकलं, सांगायला हवं होतं. पण तू ओरडली असतीस. या यंत्राला हात लावला तर तू हात तोडशील असं मला—"

"अहो, गप्प बसा जरा," ती म्हणाली. "बसा इथं."

तो बसला. गुडघे वाजले. तिनं सांगितलं. भांडं, भाचीचं नाव, चाळणी, शंभरातून सात. निळ्या बाहीचं तिनं त्याला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं, आपण हसलो होतो ते धरून. "मला वाटलं, सुरू झालं. आईसारखं. तो चिमटा बघितला आणि वाटलं, आता पुरावाच मिळाला." तो ऐकत होता. मधे एकदा त्यानं तिच्या पोटरीवरची पॉलिश पेपरची काळी भुकटी अंगठ्यानं पुसली.

"तीन आठवडे एकटीच?" तो म्हणाला. "मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या डोळ्यात दर चार तासांनी थेंब चालू होते. डॉक्टर म्हणाले होते, ताण नको."

"डोळ्याला नको म्हणाले होते. कानाला नव्हे." तो जरा दुखावला होता, आणि ते लपवायला चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता. "आणि चाळणी मलाही कधी आठवत नाही. मी 'ते भोकांचं' म्हणतो. आजवर तू हातात दुसरं काही दिलं नाहीस."

ती पुन्हा हसली, या वेळी नुसतीच हसली. अंगातून काहीतरी उतरत होतं, तापानंतर घाम येऊन अंथरूण ओलं होतं आणि माणसाला भूक लागते तसं. तिला खरोखरच भूक लागली होती. गार चहा ती एका दमात प्यायली. त्याचाही उरलेला प्यायली. आणि कप खाली ठेवताना, कसलीही खटपट न करता, पाइपच्या बुडाशी दिसलेली ती निळी चुरचुर तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "अर्थिंग!"

बारीक तारेचं खालचं टोक खिडकीतून बाहेर जात होतं, इमारतीमागच्या मोकळ्या जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला. विजेला वर झेप घ्यायची तर खाली पाय रोवायला जमीन लागते, आणि जमीन ओली लागते. दर रविवारी ती सळईपाशी मिठाचं पाणी ओतायची. पाच आठवडे ओतलं नव्हतं, आणि वर कडक उन्हाळा. ते दोघं बादल्या घेऊन मागे गेले. सळईभोवतीच्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, माती आखडून लोखंडापासून दूर सरकली होती. तिनं पहिली बादली ओतली तेव्हा जमिनीनं आवाज करत पाणी गिळलं. वरच्या मजल्यावरच्या बाईनं खिडकीतून विचारलं, "काय पेरलंय हो?"

"लोखंड," ती म्हणाली. "उगवलं की देते तुम्हाला शेंगा."

दुसरी बादली ओतताना तिच्या लक्षात आलं की ही चूक मात्र आपलीच. हे ती विसरलीच होती. पाणी घालायचं, साफ विसरली होती. तिनं थबकून त्या विचाराकडे नीट पाहिलं, आणि त्याची भीती वाटेना. कारण का विसरली ते तिला लख्ख आठवत होतं. दर चार तासांनी डोळ्यात थेंब, सकाळी एक गोळी, त्याच्या केसांना पाणी लावायला मनाई, दवाखान्यातल्या रांगेत शेजारी बसलेला तो सतत शिंकणारा माणूस, मुलीचे दिवसातून तीनतीन फोन. पाचही आठवडे अखंड आठवत होते, दिवसावर दिवस, वेढ्याला वेढा लागलेला. आईला कधीच आठवलं नव्हतं की ती काही विसरली आहे. तिला बाही लांब दिसतच नव्हती. आपण विसरलो हे आपल्याला आठवतंय, तिनं मनाशी म्हटलं, आणि हे इतकं साधं वाक्य तिला इतका वेळ सुचलं कसं नाही याचं नवल करत राहिली. पाणी चपलांत शिरत होतं.

"तरी डॉक्टरांना एकदा दाखवून येऊ," नवरा रिकामी बादली पालथी करत म्हणाला. "तुझ्यासाठी नाही तर माझ्यासाठी."

"जाऊ या की," ती म्हणाली. सकाळी हेच कुणी म्हटलं असतं तर तिनं विषय बदलला असता. "उद्याच जाऊ. तुमचंही दाखवू. आतबाहेर कळत नाही ते."

पाणी मातीत मुरेपर्यंत त्यांनी अर्धा तास वाट पाहिली. त्या अर्ध्या तासात तिनं त्याला वेटोळं आतून का मोजायचं ते सांगितलं, कारण वीज आतल्या टोकाकडून जोडलेली असते, आणि त्यानं ते मन लावून ऐकलं, मग म्हणाला की असं असेल तर आतल्या टोकावर एक खूण तरी कर, वाचणाऱ्याला कळायला नको? ते तिला पटलं. तिनं लाल रंगाचा एक ठिपका लावला. मग ते सगळं तपासून झालं आणि ती बटणाकडे वळली, तेव्हा तो म्हणाला, "मी दाबू?"

तो हे पूर्वी कधी म्हणाला नव्हता. तिनं बटणाची पेटी त्याच्या हातात दिली, कुठे उभं राहायचं, किती वेळ दाबायचं, काय झालं तर लगेच सोडायचं, ते सगळं दोनदा सांगितलं आणि स्वतः मागे सरत सरत पार दारापर्यंत गेली. तिला तिथे नेमकं काय करायचं ते कळेना. हातात बटण नव्हतं, डोळ्यांपुढे मीटर नव्हतं, वहीपण तिकडेच राहिली होती.

"दाबतो हं," तो म्हणाला आणि डोळे बारीक करून, मान एका बाजूला घेऊन त्यानं दाबलं.

खोली फाटल्यासारखा आवाज झाला आणि वीज निघाली. कड्याच्या कडेवरून एक, मग दुसरी, मग फांदीतून फांदी, जांभळी, मधेच पांढरी, हवेत चाचपडत, हात लांब करत. हातभर नव्हे, त्याहून जास्त. हवेला ठिणग्यांचा तिखट वास आला. इतके महिने तिनं मीटरच्या काट्यावरून आणि एका डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली होती ती. दारातून अशी सबंध, डोक्यापासून पायापर्यंत, ती पहिल्यांदाच बघत होती. नवरा काहीतरी ओरडत होता, बहुतेक सोडू का, सोडू का, आणि त्याचा नवा डोळा लहान मुलाच्या डोळ्यासारखा चमकत होता. तिला शब्द ऐकू येत नव्हते. तिनं हातानंच खूण केली, राहू द्या, राहू द्या अजून थोडा वेळ.